‘द यंग वन्स’: बंडाचा समेट

क्लिफ रिचर्डचा ‘द यंग वन्स’ (१९६१) हा ब्रिटिश संगीतपट आम्हांला युद्धोत्तर तारुण्याचा दस्तऐवज वाटतो. सिडनी फ्युरी दिग्दर्शित या चित्रपटात लंडनमधील एका युवक-मंडळाची जागा धनाढ्य बिल्डरला हवी असते. नायक त्याचाच मुलगा. हे नाते तो मित्रांपासून लपवतो. म्हणजे संघर्ष पिढ्यांचा तितकाच मालकीचाही. अखेरीस बाप नवे मंडळ बांधून देण्याचे कबूल करतो; समेट होतो, मालकी मात्र जागच्या जागी राहते. दोनच वर्षांपूर्वी ‘एक्स्प्रेसो बोंगो’ने (१९५९) याच क्लिफला सोहोतल्या दलालाच्या हातचा विक्रीचा माल म्हणून दाखवले होते. तो कडवटपणा येथे पुसला गेला. बंडाला घरात घेऊन निःशस्त्र करणे ही लोकप्रिय कलेची जुनी रीत. तिची किंमत कोण मोजतो, हे आपण विचारले पाहिजे.