कल्याणची काच, तुर्भ्याचा स्फटिक

प्रोजेक्टरचा इतिहास आपल्याला नेहमी पडद्याच्या बाजूने सांगितला जातो. पहिला चित्रपट कोणता, तो कुणी काढला, किती आठवडे चालला. पडद्याकडे पाठ करून मागच्या डब्यात डोकावलं, तर तिथे दीडेकशे वर्षं एकच भांडण चालू असलेलं दिसतं: उजेड हवा आहे, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या उष्णतेचं करायचं काय?

मी पोटासाठी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी कुसगावच्या घरी लेझर प्रोजेक्टर जुळवत बसतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन डायोड, तिन्ही किरण एका रेषेत आणणाऱ्या काचा आणि तो किरण भिंतीवर नाचवणारे दोन इवले आरसे. त्यामुळे या इतिहासात मी शिरलो तो मागच्या दारानेच.

आपल्याकडे या दाराशी पहिल्यांदा भेटतात ते कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन. १८९२ साली त्यांनी 'शांबरिक खरोलिका' लोकांसमोर आणली. लुमिए बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचायला तेव्हा अजून चार वर्षं होती. पटवर्धन आणि त्यांची मुलं काचांवर हाताने चित्रं रंगवत. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या मुद्रा भराभर बदलल्या, की प्रेक्षकांना पात्र हलल्यासारखं वाटे. त्या काळच्या मॅजिक लँटर्नमध्ये रॉकेलचा दिवा किंवा चुन्याचा तापवलेला तुकडा उजेड देई. म्हणूनच त्या यंत्रांना डोक्यावर धुराडं असे. काच तापून तडकली, तर दिवसचे दिवस खपून केलेलं चित्र गेलं.

पुढे फिल्म आली आणि कार्बनच्या दोन कांड्यांमधला झगझगीत आर्क आला. नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेई. ती सरकत असेपर्यंत ठीक. अडकली, की क्षणात आग. म्हणून यंत्राचा वेग मंदावताच आपोआप खाली पडणारी झडप बसवत. ही झडप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डायोड लेझरने तरी हे भांडण मिटायला हवं होतं. ना ज्योत, ना धूर, मिठाच्या खड्याहून लहान स्फटिक. पण सप्टेंबर १९६२मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांच्या गटाने पहिला अर्धवाहक लेझर पेटवला, तो उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून आणि विजेचे तुटक झटके देऊन. दोनच वर्षांत, १९६४ साली, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा लेझर तयार झाला. भारतातला हा पहिला अर्धवाहक लेझर. त्याच्या किरणावरून तुर्भे ते कुलाब्याच्या टीआयएफआरपर्यंत, सुमारे २० किलोमीटर अंतरावर, संदेशही पाठवले गेले. मला या घटनेचं अप्रूप वाटतं. कारण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत लेझरचा धडा आम्ही शिकलो, पण त्यात तुर्भे कुठेच नव्हतं.

द्रव नायट्रोजन का लागायचा? लेझर डायोडला किरण सुरू होण्यासाठी ठरावीक किमान करंट लागतो. स्फटिक तापला, की ही किमान मर्यादा वाढते. मग करंट वाढवा, की तो आणखी तापतो. हे चक्र १९७०मध्ये तुटलं. सोव्हिएत संघात अल्फेरोव्ह आणि अमेरिकेत हायाशी-पॅनिश यांनी पातळ थराच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या पदार्थाच्या भिंती उभ्या करून इलेक्ट्रॉन आणि प्रकाश दोघांनाही आत कोंडलं. लेझर खोलीच्या तापमानाला अखंड चालू लागला. नव्वदच्या दशकात शुजी नाकामुरा यांनी निळ्या-जांभळ्या टोकाचा लेझर डायोड करून दाखवला. थेट हिरवा किरण देणारा डायोड यायला २००९ उजाडलं. २०१०मध्ये कॅसिओने निळे लेझर डायोड असलेले प्रोजेक्टर बाजारात आणले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ते उघडून आतले डायोड काढून घेतले.

भांडण मात्र मिटलं नाही, फक्त लहान झालं. माझ्या निळ्या डायोडला साडेचार व्होल्टवर एक ॲम्पिअर दिला, तर साडेचार वॉट आत जातात. त्यातून प्रकाश निघतो एक-सव्वा वॉट, बाकीची उष्णता. म्हणून डायोड तांब्याच्या ठोकळ्यात घट्ट बसवायचा, मध्ये हवेची फट राहू द्यायची नाही आणि तो ठोकळा ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्याला जोडायचा. पुरवठा ठरावीक व्होल्टेजचा नको, ठरावीक करंटचा हवा. डायोड तापला, की त्याला लागणारं व्होल्टेज घसरतं, आणि व्होल्टेज कायम ठेवलं तर करंट उसळतो. एक निसटता झटकाही स्फटिकाच्या तोंडाचा आरसा जाळून टाकतो.

कुसगावच्या पावसाळ्यात आणखी एक पेच. जुलैत हवा इतकी ओली, की तापमान आणि दवबिंदू यांच्यात जेमतेम एक-दोन अंशांचं अंतर. पेल्टिअर लावून डायोड हवेपेक्षा थंड केला, तर भिंगावर दव साचतं. इथे साधा पंखा आणि जाड धातू हाच शहाणपणा. तुर्भ्याला जे उणे १९६ अंशांवर साधावं लागलं, ते इथे चोवीस अंशांवर भागतं.

आता ती झडप. माझ्या प्रोजेक्टरमध्ये आरसे थांबले, की करंट तोडणारं सर्किट आहे. कारण फिरता किरण थांबला, तर सगळी ताकद एका ठिपक्यावर येते. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि एवढ्या ताकदीच्या किरणापुढे तो फार उशीर असतो. २०२३च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये तरुण मुलं डोळ्यांचा पडदा भाजून नेत्रतज्ज्ञांकडे गेली. २०२४मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझर झोतांवर बंदी घातली.

बंदी समजण्यासारखी आहे. पण बंदी उठते, वर्ष बदलतं, ट्रक पुन्हा सजतो. शंभर वर्षांपूर्वीच्या तंबूतल्या ऑपरेटरला झडप कशासाठी आहे हे माहीत असे, कारण आग लागली तर आधी तोच भाजे. ट्रकवरच्या लेझरने भाजतो तो समोरचा नाचणारा. म्हणून पुढच्या वेळी वर्गणी देताना मंडळाला एवढंच विचारा: आरसा अडकला, तर किरण आपोआप बंद होतो का?