पदवी घरी कशी आली? बीड जिल्हा आणि दूरस्थ अभियांत्रिकीचा इतिहास

बीड शहराच्या स्थानकातून प्रवासी गाडी सुटू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ पासून. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर होऊन तोवर सुमारे तीस वर्षे लोटली होती. त्याआधी पाच वर्षे, ३० जून २०२० रोजी, मद्रासच्या आयआयटीने आपला पहिला ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. रेल्वेच्या आधी बीडला आयआयटी पोहोचली, असे कुणी म्हटले तर ती निव्वळ थट्टा ठरणार नाही. हे घडले कसे, याचा हा धागा.

प्रारंभ निजामाच्या काळापासून करावा लागेल. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते आणि उच्च शिक्षणाची वाट हैदराबादेकडे जाई. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ साली उघडले. शिक्षणाचे माध्यम मात्र उर्दू. म्हणजे मराठी घरातील मुलाला दोन अंतरे कापावी लागत, एक मैलांचे आणि दुसरे भाषेचे. पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मिळत होते, पण ते इंग्रजी मुलखात. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली हिप्परग्याहून मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, आले आणि तेथील योगेश्वरी शाळेत त्यांनी विद्यार्थी घडवले. त्या पिढीतील कित्येक मुले पुढे मुक्तिसंग्रामात उतरली. यंत्रे आणि पूल ही स्वप्ने तेव्हा फार पुढची होती.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी अस्तित्वात आले आणि १९६० साली औरंगाबादेत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांची लाट आली, त्या दशकात अंबाजोगाईलाही अभियांत्रिकी महाविद्यालय मिळाले.

तरीही एक मोठा वर्ग बाहेरच राहिला, तो नोकरीत अडकलेल्यांचा. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. अशा ठिकाणी पदविका घेतलेला तरुण पाळीवर काम करतो, घर चालवतो. चार वर्षे वर्गात बसणे त्याला परवडत नाही. त्याच्यासाठी देशात एक जुनी खिडकी होती, ‘एएमआयई’. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० साली स्थापन झाली, १९३५ साली तिला राजसनद मिळाली. सभासद व्हायचे, पुस्तके स्वतः मिळवायची, ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन विभाग परीक्षा देऊन पार करायचे. वर्ग नाही, फळा नाही, हजेरीपट नाही. उत्तीर्ण झालेल्यास शासकीय नोकरीसाठी पदवीधर अभियंत्याच्या बरोबरीचे मानले जाई. माझ्या मते दूरस्थ अभियांत्रिकीचा आपल्याकडील खरा पूर्वज हाच. त्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नावे नोंदवलेल्यांपुरतीच ती समकक्षता पुढे राहिली.

दुसरी वाट पत्राद्वारे शिक्षणाची. दिल्ली विद्यापीठाने ती १९६२ साली उघडली. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली आंध्र प्रदेशात निघाले आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली उभे राहिले. कला-वाणिज्यासाठी ही सोय उत्तम ठरली. अभियांत्रिकीचे घोडे अडले ते प्रयोगशाळेपाशी. ट्रान्सफॉर्मरची चाचणी टपालाने कशी शिकवणार?

हा प्रश्न बाजूला सारून काही अभिमत विद्यापीठांनी २००१ नंतर पत्राद्वारे बी.टेक. देण्यास प्रारंभ केला. तांत्रिक शिक्षण परिषदेची त्यास मान्यता नव्हती. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने निकाल दिला. अशा चार विद्यापीठांतून २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना परिषदेची परीक्षा देण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. निकालाचे तत्त्व योग्य होते. पण त्या पदवीवर बढती मिळवलेल्या माणसाच्या बाजूने पाहा. शुल्क भरलेले, रात्री जागून अभ्यास केलेला, आणि हाती उरलेला कागद निरर्थक. मान्यता तपासण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते वेळीच केले असते तर हा भार विद्यार्थ्यावर पडला नसता.

याच सुमारास अमेरिकेत वेगळाच प्रयोग स्थिरावत होता. अटलांटाच्या जॉर्जिया टेकने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची संपूर्ण ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली. खर्च सुमारे सात हजार डॉलर. अर्जासोबत गुणपत्रिका, उद्देशपत्र आणि तीन शिफारसपत्रे. प्रवेश तुलनेने मोकळा, पण पहिल्या वर्षभरात दोन पायाभूत विषय ‘बी’ श्रेणीने पार करावेच लागत. एकूण विषय दहा. उंबरठा सोपा आणि पायऱ्या अवघड, ही रचना मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. शिवाय प्रमाणपत्रावर ‘ऑनलाइन’ हा शब्द नाही.

भारतात आयआयटींच्या व्याख्यानांचा ‘एनपीटीईएल’ प्रकल्प २००३ पासून आकारास आला, ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी खुले झाले. पण ही व्याख्याने होती, पदवी नव्हे. ती २०२० साली आली. मद्रास आयआयटीच्या अभ्यासक्रमाला जेईई लागत नाही. चार आठवडे धडे घ्यायचे, पात्रता परीक्षा द्यायची आणि पार झालात की प्रवेश. मधल्या टप्प्यावर थांबलात तरी प्रमाणपत्र किंवा पदविका हाती राहते. ज्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेथे अर्ध्यावर थांबूनही काही हाती राहणे याचे मोल निराळे सांगायला नको.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेल की ही पदवी ‘बी.टेक.’ नाही, ‘बी.एस.’ आहे. ४ सप्टेंबर २०२० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी दूरस्थ व ऑनलाइन अभियांत्रिकीस मनाई कायम ठेवली. जुना प्रश्न प्रयोगशाळेचाच. २०२३ साली त्याच आयआयटीने इलेक्ट्रॉनिक्सची ऑनलाइन पदवी काढली, तेव्हा त्याचे उत्तर सरळ दिले: धडे घरी, प्रयोग चेन्नईत येऊन.

त्यासाठी बीड जिल्ह्यातील विद्यार्थी परळीहून निघाला, तर त्याच्यापुढे विकाराबादमार्गे हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग असतो. तो निजामाच्या काळातला आहे.