पडद्यावरचा खेळ, कागदावरची साक्ष

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांवर झाले. अशा माणसाने अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर का बोलावे, असे आपणांस वाटेल. कारण साधे आहे. तोही एक कारखानाच होता. तेथेही मालक होते, राबणारे होते आणि कामावरून काढून टाकणेही होते. फरक इतकाच की, त्या कारखान्यात काय चालले आहे ते सांगणारे काही टीकाकार वर्तमानपत्रांत बसले होते.

१९५० साली अमेरिकेत शंभर घरांपैकी सुमारे ९ घरांत दूरचित्रवाणीचे यंत्र होते; १९६० साली ते सुमारे ८७ घरांत पोचले. कार्यक्रमाचा खर्च पुष्कळदा एखादी कंपनी सोसे. साबण, टायर, चीज विकणाराच नाटकाचा धनी असे. नाटके बहुधा थेट प्रक्षेपित होत. खेळ संपला की विरून गेला. रंगभूमीवरील टीका वाचून माणूस उद्याच्या खेळाचे तिकीट काढतो. येथे उद्याचा खेळच नसे. मग 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जॅक गोल्ड आणि 'हेरल्ड ट्रिब्यून'चे जॉन क्रॉसबी लिहीत तरी कशासाठी?

याचे उत्तर १९५५ साली मिळाले. १२ जानेवारीस रॉड सर्लिंग या तरुण लेखकाचे 'पॅटर्न्स' हे नाटक झाले. मोठ्या कंपनीचा मालक एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याचा चारचौघांत पाणउतारा करून त्याला कसा बाहेर घालवतो, त्याची ती कथा. गोल्ड यांनी तिची मनापासून प्रशंसा केली आणि हे नाटक पुन्हा दाखवावे अशी मागणी केली. ९ फेब्रुवारीस नट पुन्हा जमले आणि सारा खेळ नव्याने उभा राहिला. विरून गेलेले कागदाने परत आणले.

पण ही एक बाजू झाली. जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली. तीत कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेऊन रेडिओ व दूरचित्रवाणीतील १५१ जणांची नावे छापली होती. आमच्या उमेदीच्या काळात, संपानंतर कोणाला आत घ्यायचे नाही त्याची यादी गेटवरच्या पहारेकऱ्याच्या खिशात असे. तीत आमचेही नाव होते. म्हणून ही पुस्तिका आम्हांस परकी वाटत नाही. त्याच ऑगस्टमध्ये जीन म्यूर या नटीला मालिकेतून काढले. प्रायोजक 'जनरल फूड्स'चे म्हणणे असे की, वादग्रस्त माणसांमुळे मालाच्या खपावर परिणाम होतो. गोल्ड यांनी हे प्रकरण उजेडात आणले. पण बाईंचे काम परत मिळाले नाही. लेखणी नाटक परत आणू शकली, माणूस आणू शकली नाही.

लेखणी माणसाला बोचकारूही शकते. ९ मार्च १९५४ रोजी एडवर्ड मरो यांनी सिनेटर मॅकार्थींवर कार्यक्रम केला. 'सीबीएस'ने त्याची जाहिरात दिली नाही. मरो आणि त्यांचे सहकारी फ्रेंडली यांनी ती पदरच्या पैशाने दिली. लगेच पुढच्या बातमीपत्रात डॉन हॉलेनबेक यांनी मरोंना उघड पाठिंबा दिला. 'जर्नल-अमेरिकन'चे टीकाकार जॅक ओब्रायन हॉलेनबेक यांच्यावर सतत तुटून पडत. २२ जूनला हॉलेनबेक यांनी आत्महत्या केली. आजारपण आणि घरची दुःखेही होती. सारा दोष एका लेखणीवर टाकणे न्यायाचे नाही. पण ती निर्दोष होती असेही आम्ही म्हणणार नाही.

मग काळी यादी मोडली कशी? १९५५ च्या अखेरीस कलावंतांच्या युनियनच्या न्यूयॉर्क शाखेत यादीविरुद्ध उभे राहिलेले लोक निवडून आले. त्यांत जॉन हेन्री फॉक हे निवेदक होते. त्यांच्यावर पत्रक निघाले, १९५७ साली नोकरी गेली. पण त्यांनी बदनामीचा दावा लावून धरला. वकिलाच्या खर्चासाठी मरोंनी हातभार लावला. जून १९६२ मध्ये ज्यूरीने ३५ लाख डॉलरची भरपाई दिली. पुढे ती रक्कम पुष्कळ कमी झाली. पण यादी करणाऱ्यांचा वचक गेला तो गेलाच.

आमच्या मते यातून दोन गोष्टी घ्याव्यात. अन्याय डोळ्यांआड होऊ नये म्हणून प्रामाणिक टीकाकार हवा. त्याने लिहिले नसते तर जीन म्यूर गुपचूप घरी गेली असती. पण तो लिहितो तेव्हा त्याच्या मागे उभे राहणारे, वर्गणी भरणारे, मत देणारेही हवेत. ते नसतील तर लिहिलेले फक्त रद्दीत जाते. आम्ही ते गठ्ठे उपसले आहेत, तेवढ्यावरून सांगतो.