सामायिक महासंगणक : वेगाइतकाच साठवणीचाही प्रश्न

प्रतिनिधी, चाकण

मोटारीची धडक प्रत्यक्षात सुमारे एक दशांश सेकंदात संपते. संगणकावर तिचा अभ्यास करताना मात्र सांगाड्याचे लक्षावधी लहान भाग कल्पून, सेकंदाच्या साधारण दहा लाखाव्या हिश्श्यागणिक प्रत्येक भागावरील ताण मोजावा लागतो. एका धडकेचे असे सुमारे एक लाख टप्पे होतात. मोठ्या वाहन कंपन्या या कामासाठी स्वतःची यंत्रणा उभारू शकतात. चाकण-भोसरी पट्ट्यात सुटे भाग बनविणाऱ्या लघुउद्योजकाला आणि महाविद्यालयातील संशोधकाला ते परवडत नाही. त्यांच्यासाठी सामायिक महासंगणक हाच मार्ग उरतो. तेथे वेगाची चर्चा पुष्कळ होते. डेटा किती दिवस आणि कोणाच्या जबाबदारीवर राहणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

पुण्याची परंपरा

प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात 'सी-डॅक' १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकारला. पुढे 'परम १००००' (१९९८), 'परम युवा' (२००८) आणि 'परम सिद्धी-एआय' (२०२०) आले. टाटा समूहाचा पुण्यातील 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा होता. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. त्याअंतर्गत २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'परम रुद्र' मालिकेतील तीन यंत्रांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी पुण्याचे यंत्र नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांसाठी आहे. चाकणहून नाशिककडे जाणारा महामार्गच या दुर्बिणीच्या परिसराकडे नेतो.

त्याच दिवशी पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'अर्क' या महासंगणकाचेही लोकार्पण झाले. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, तर साठवण ३३ पेटाबाइट, म्हणजे सुमारे ३ कोटी ३० लाख गिगाबाइट आहे. याच संस्थेच्या २०१८ मधील 'प्रत्युष'ची क्षमता ४ पेटाफ्लॉप होती. मे २०२५ मध्ये हवामान अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात. साठवणीचा भारही त्याच प्रमाणात वाढत जातो.

अद्ययावतीकरणात काय घडते?

महासंगणक म्हणजे वेगवान जाळ्याने जोडलेले शेकडो-हजारो संगणक. कार्यप्रणाली किंवा साठवण यंत्रणा बदलताना ते बहुधा एकत्र थांबवावे लागतात. नियोजित वेळेपूर्वी पूर्ण न होणारी कामे रांगेतच रोखली जातात. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर जुने प्रोग्रॅम नव्याने कम्पाइल करावे लागू शकतात. उत्तरांच्या शेवटच्या दशांश स्थळांत फरकही पडू शकतो. म्हणून ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असे छोटे गणित प्रथम चालवून पाहणे श्रेयस्कर ठरते.

साठवणीचे तीन कप्पे

बहुतेक केंद्रांत साठवणीची तीन स्तरांत विभागणी असते. 'होम' या कप्प्यात प्रोग्रॅम आणि महत्त्वाच्या फायली ठेवतात. तेथील जागा मोजकीच असते. 'स्क्रॅच' हा चालू कामासाठीचा प्रशस्त व वेगवान कप्पा. त्याचा सहसा बॅकअप नसतो आणि ठराविक मुदतीनंतर जुन्या फायली आपोआप पुसल्या जातात. 'आर्काइव्ह' हा दीर्घकालीन जतनाचा कप्पा संथ असतो. अनेक ठिकाणी तो चुंबकीय फितींवर असतो.

मुदतीचा नियम जाचक वाटला, तरी तो अकारण नाही. डिस्क काठोकाठ भरत आली की साठवण मंदावते आणि एकाच्या पसाऱ्याचा भुर्दंड सर्वांना पडतो.

क्योटोचा धडा

जपानमधील क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये जुन्या नोंदी पुसणारी आज्ञावली सुधारण्यात आली. जुनी आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी नवी बसविली गेली. परिणामी नोंदींऐवजी संशोधकांच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, म्हणजेच ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांपैकी ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळण्याजोगा नव्हता. संशोधकांनी कोणताही नियम मोडला नव्हता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

वापरकर्त्याने काय करावे?

* खाते उघडतानाच जागेची मर्यादा, फायली पुसण्याची मुदत आणि बॅकअपची व्याप्ती लेखी स्वरूपात समजून घ्यावी.
* प्रत्येक टप्प्याची फाइल न ठेवता निवडक टप्पेच साठवावेत.
* दीर्घ गणिताची स्थिती अधूनमधून नोंदवावी, म्हणजे यंत्र थांबले तरी काम तेथूनच पुढे नेता येते.
* मूळ डेटा, प्रोग्रॅम व अंतिम निष्कर्ष यांची प्रत केंद्राबाहेर ठेवावी. अद्ययावतीकरणापूर्वी ती उघडते का, हेही तपासावे.

गणित पुन्हा करता येते. त्यासाठी लागणारा मूळ डेटाच गेला, तर सर्वांत वेगवान महासंगणकही तो परत देऊ शकत नाही.