वायरलेस ब्रिज (शेतवस्तीसाठी)

एका इमारतीतले घरगुती नेटवर्क रेडिओलहरींनी दुसऱ्या इमारतीपर्यंत नेणारी उपकरणांची जोडी. बारामती तालुक्यातल्या पणदरे परिसरासारख्या बागायती पट्ट्यात तिची गरज सहज पडते: इंटरनेटची जोडणी गावठाणातल्या घरात, आणि गोठा, विहिरीवरचा कॅमेरा किंवा धाकट्या भावाचे बिऱ्हाड मळ्यात. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे फायबर पुरता येते. पण मध्ये दुसऱ्याचा बांध असला की तो विषय बहुधा तिथेच संपतो.

दुकानात आधी रिपीटर दाखवला जातो. तो खोल्यांसाठी ठीक. एकाच रेडिओवर ऐकून तेच पुन्हा पाठवायचे असल्याने त्याचा वेग सुमारे निम्मा होतो. शेतासाठी दिशादर्शी अँटेना असलेली, बाहेर बसवायची सीपीईची, म्हणजे ग्राहकाच्या जागी लावायच्या वायरलेस उपकरणांची, जोडी घ्यावी. टीपी-लिंक, युबिक्विटी, मायक्रोटिक यांची अशी उपकरणे मिळतात. दोन्ही एकाच कंपनीची असलेली बरी. साध्या वायफाय फ्रेममध्ये तीनच पत्ते वापरले जातात, त्यामुळे पलीकडच्या अनेक उपकरणांची ओळख नीट पोचत नाही. पारदर्शक ब्रिजला चार पत्त्यांची पद्धत, म्हणजे डब्ल्यूडीएस, लागते आणि ती दोन कंपन्यांत जुळेलच असे नाही.

खरी मेख उंचीत आहे. दोन अँटेना जोडणारी सरळ रेषाच नव्हे, तर तिच्याभोवतीचा लहरींचा फुगीर पट्टा, म्हणजे फ्रेनेल पट्टाही, बराचसा मोकळा लागतो. ५०० मीटर अंतराला मध्यावर त्याची त्रिज्या ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे अडीच मीटर, तर २.४ गिगाहर्ट्झला जवळजवळ चार मीटर भरते. त्यातला ६० टक्के भाग तरी मोकळा हवा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, दीड वर्ष उभा राहतो आणि साडेतीन मीटरपर्यंत जातो. म्हणजे सपाट रानात ५.८ साठीही अँटेना पाच मीटरच्या वर हवी. तोडणीनंतर मोकळ्या रानावर जुळवलेली आणि उत्तम चाललेली जोडणी पुढच्या पावसाळ्यात ढेपाळते, कारण ओली पाने लहरी शोषतात. दोष मात्र उपकरणाला दिला जातो. उंची उभ्या उसावरून मोजावी; नारळ-आंब्याच्या झाडांना तर वळसाच घालावा.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून, तर ५ गिगाहर्ट्झमधले बरेच पट्टे २०१८ च्या अधिसूचनेनंतर बाहेरच्या वापरासाठीही परवान्याविना खुले आहेत; प्रक्षेपणशक्तीची मर्यादा पाळावी लागते. उपकरणात देश ‘भारत’ निवडावा. २.४ चे उपकरण स्वस्त पडले, तरी वस्तीतल्या वायफायची गर्दी त्याच पट्ट्यात असते.

उपकरणाला वीज इथरनेट केबलमधूनच जाते; या पद्धतीला पीओई म्हणतात. स्वस्त उपकरणांना बहुधा २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई लागतो, तर ८०२.३एएफ प्रकाराचा स्विच साधारण ४८ व्होल्ट देतो; तो आपोआप चालेल असे धरू नये. राऊटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही इथे पुरत नाही. वीज गेल्यावर जोडणी टिकवायची तर दोन्ही टोकांना इन्व्हर्टर हवा. लोखंडी पाइपाला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर हा खर्च वगळून केलेला अंदाज अपुरा समजावा.