झूनोसिस : गोठ्यातून घरात आलेला शब्द



गुरांच्या दवाखान्यात हल्ली ‘झूनोसिस’ हा शब्द कानावर पडतो. जनावराकडून माणसाला लागणारा आजार, असा त्याचा अर्थ. शब्द बनलाय ग्रीक भाषेतून. ‘झोऑन’ म्हणजे जिवंत प्राणी आणि ‘नोसॉस’ म्हणजे रोग. हे दोन जोडले एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्कोव्ह यांनी. डुकराच्या मांसातून माणसात शिरणाऱ्या कृमींचा त्यांचा अभ्यास होता, आणि मांस तपासूनच विकावं असा त्यांचा आग्रह होता.

मला गंमत वाटते ती ‘झोऑन’ची. त्यात माणूसही येतो. अरिस्टॉटलने तर माणसाला नगरात राहणारा ‘झोऑन’च म्हटलं. आपल्याकडेही ज्याला प्राण आहे तो प्राणी. बोलताना आपण स्वतःला त्यातून वगळतो. रोग वगळत नाही.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. तिथे सैनिकांना महिनोन्‌महिने ताप यायचा. उतरायचा, पुन्हा चढायचा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना त्याचा जंतू सापडला. पण तो येतो कुठून? हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला धडधाकट, पण जंतू त्यांच्यात, त्यांच्या दुधात. दारोदार शेळी नेऊन तिथेच धार काढून दूध विकायची तिथली रीत होती. सैनिकांचं ते दूध १९०६ मध्ये बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला. गावातल्या बायामुलांच्या पेल्यात मात्र तेच दूध पुढेही राहिलं.

तोच हा ब्रुसेलोसिस, ब्रूस यांच्या नावावरून. आपल्याकडेही आहे. गाय, म्हैस किंवा शेळी गाभडते, वार अडकते, आणि ती उघड्या हातांनी ओढायला बहुतेक आपणच पुढे असतो. हाताला चीर असली तर जंतू तिथूनही शिरतो. मग येऊन-जाऊन ताप, घाम, कंबर आणि सांधे धरतात. गरोदर बाईचा गर्भही पडू शकतो. ‘कामाने अंग दुखतंय’ म्हणून हे निभावून नेलं जातं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, गोठ्यात जनावर गाभडलंय. रक्त तपासून आजार कळतो, औषधही आहे.

वार काढायचं काम गुरांच्या डॉक्टरांचं. तिला हात लावावाच लागला तर हातमोजे घाला, नंतर ती खोल पुरा. दूध उकळूनच प्या. कालवड किंवा पारडी ४ ते ८ महिन्यांची असताना या रोगाची लस एकदाच टोचतात. त्या वयाची घरात असेल तर दवाखान्यात विचारून घ्या.