ट्रान्झिस्टरचे ज्ञान कोणाचे?

आपल्याकडे खेड्यापाड्यांतून ज्या वस्तूला लोक नुसते ‘ट्रान्झिस्टर’ म्हणत, ती वस्तू म्हणजे खरे पाहता रेडिओ. ट्रान्झिस्टर हा त्या रेडिओच्या पोटातला एक बारीकसा भाग. पण लोकांनी अवयवाचे नाव सबंध देहाला दिले, आणि ते एका अर्थी बरोबरच होते. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापायला वेळ लागे, वीजही बरीच खात, आणि पेटीएवढा तो संच घरात एका जागी बसून राही. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ उठून माणसाबरोबर बांधावर गेला.

श्रोतेहो, या वस्तूमागचे शास्त्र समजावून सांगणे हे माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराचे काम नव्हे. मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. हा शोध एका खाजगी कंपनीच्या प्रयोगशाळेत, कंपनीच्या पगारावरच्या माणसांनी लावला. मग ते ज्ञान कंपनीचे झाले की त्या माणसांचे? आणि कंपनीचेच म्हटले, तरी ते तिने सांभाळावे कसे? तिजोरीत ठेवलेला पैसा तिजोरीत राहतो. ज्ञान मात्र रोज संध्याकाळी पाच वाजता डोक्यात बसून घरी जाते.

कंपनी म्हणजे अमेरिकेतली बेल टेलिफोन कंपनी. साऱ्या देशाचा टेलिफोन बहुतांशी तिच्याच हातात होता. तिने १९२५ साली बेल प्रयोगशाळा नावाची संस्था उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या प्रयोगशाळेचे मोठे ठाणे न्यू जर्सीतील मरे हिल येथे गेले. ती इमारत मुद्दाम विचार करून बांधलेली होती. लांबच्या लांब व्हरांडे, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि खोल्यांच्या भिंती हव्या तशा सरकवता येतील अशा. जेवायला निघालेल्या पदार्थवैज्ञानिकाला वाटेत रसायनशास्त्रज्ञ भेटावा, धातुशास्त्रज्ञ भेटावा, चार शब्द व्हावेत, हा त्यामागचा हेतू. कामाच्या वेळी दारे उघडी ठेवावीत असा तिथे दंडक होता. नवशिक्याने एखाद्या मोठ्या नावाच्या शास्त्रज्ञाकडे जाऊन अडचण विचारली, तर त्याने टाळायचे नाही.

ही सारी मांडणी ज्यांच्या डोक्यातली, ते मर्व्हिन केली. स्वतः पदार्थवैज्ञानिक, १९५१ साली ते प्रयोगशाळेचे अध्यक्ष झाले. नुसता शोध लागून भागत नाही, तो कारखान्यापर्यंत पोहोचला पाहिजे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेच्या शाखा थेट कारखान्यांतच नेऊन बसवल्या. आपल्याकडे विद्यापीठ एका टोकाला आणि कारखाना दुसऱ्या टोकाला अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. केलींनी अंतर मिटवायला समित्या नेमल्या नाहीत, माणसांच्या बसायच्या जागाच बदलल्या.

शिवाय वह्या होत्या. प्रत्येक संशोधकाला कंपनीची वही मिळे. प्रयोग केला की त्यात टिपायचा, तारीख घालायची, आणि सहकाऱ्याने तो वाचून खाली साक्षीची सही करायची. हेतू अर्थातच पेटंटचा होता. पण त्यामुळे झाले असे, की एकाच्या डोक्यातले किमान दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाई.

१६ डिसेंबर १९४७ रोजी जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याच्या पातळ पत्र्याची दोन टोके टेकवून विजेचा क्षीण संदेश मोठा करून दाखवला. तोच पहिला ट्रान्झिस्टर. आठवड्याने, २३ तारखेला, तो वरिष्ठांना दाखवण्यात आला. या दोघांचा गटप्रमुख होता विल्यम शॉकली. बुद्धी विलक्षण, पण ऐन क्षणी आपला हात त्यात नव्हता, याचे त्याला अतिशय लागले. नाताळच्या सुट्टीनंतर त्याने याहून चांगल्या, निराळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरची कल्पना स्वतःच्या वहीत मांडली आणि आपल्याच गटातल्या माणसांपासून ती काही आठवडे दडवून ठेवली. दारे उघडी ठेवण्याचा नियम इमारतीला लागू होता, मनाला कोण लागू करणार? बार्डीन पुढे कंटाळून १९५१ साली इलिनॉय विद्यापीठात निघून गेले. तिघांना मिळून १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गट केव्हाच फुटलेला होता.

आता मूळ प्रश्न. असला शोध हाती आल्यावर कोणताही व्यापारी काय करील? कुलूप घालील. आपल्याकडे वैद्य मात्रा मरेपर्यंत कुणाला सांगत नसत, आणि घराण्याचे उस्ताद आपल्या खास चिजा शागिर्दालासुद्धा हातचे राखून शिकवीत. पंडित भातखंड्यांनी त्या चिजा मिळवून, स्वरलिपीत उतरवून छापल्या. बेल कंपनीने या बाबतीत भातखंड्यांचा मार्ग धरला म्हणा ना, मात्र पैसे घेऊन. पंचवीस हजार डॉलर आगाऊ भरा आणि ट्रान्झिस्टर बनवण्याचा परवाना घ्या. एप्रिल १९५२ मध्ये परवाने घेणाऱ्या देशी-परदेशी कंपन्यांची माणसे बोलावून त्यांच्यासाठी सलग काही दिवसांचा वर्ग भरवला, कारखाना हिंडून दाखवला. तिथे जे सांगितले ते पुढे ग्रंथरूपाने निघाले, आणि धंद्यातल्या लोकांनी त्याला ‘बेलआईचे पाकपुस्तक’ असे नाव ठेवले. बहिऱ्यांची श्रवणयंत्रे बनवणाऱ्यांना तर स्वामित्वशुल्कही माफ होते. कंपनीला ज्याचे नाव, तो ग्रॅहम बेल बहिऱ्यांचा शिक्षक होता, त्याची ही आठवण.

हे औदार्य म्हणावे का? थोडे होतेही. पण १९४९ साली अमेरिकन सरकारने या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता, हे विसरून चालणार नाही. हाती आलेला एवढा मोठा शोध एकटीने दाबून ठेवला असता, तर सरकारच्या हाती आयतेच कोलीत मिळाले असते. १९५६ साली खटल्यात तडजोड झाली, आणि कंपनीची तोवरची पेटंटे बहुतेकांना विनामूल्य खुली करावी लागली. माझे मत विचाराल, तर भीतीपोटी केलेली ही गोष्ट जगाला कित्येक सद्हेतूंपेक्षा जास्त उपयोगी पडली.

पुस्तक विकले, हात कसे विकणार? गॉर्डन टील नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ बेलमध्ये होते. ट्रान्झिस्टरसाठी जर्मेनियमचा एकसंध, निर्दोष स्फटिक हवा, असा त्यांचा आग्रह. शॉकलीला त्याची गरज वाटेना. तेव्हा टील आणि त्यांचे सहकारी रात्री काम करू लागले. स्फटिक ओढून वाढवण्याचे यंत्र त्यांनी चाकांवर बसवले होते. रात्री बाहेर काढायचे, सकाळी लोक यायच्या आत परत ढकलून ठेवायचे. पुढे टीलांचेच म्हणणे खरे ठरले आणि शॉकलीनेही ते मान्य केले. पण टील हे मूळचे टेक्सासचे. १९५३ च्या प्रारंभी ते डल्लासच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या तेव्हाच्या लहानशा कंपनीत गेले. त्या कंपनीने परवाना आदल्याच वर्षी घेतला होता. आता स्फटिक वाढवणारा हातही आला. मे १९५४ मध्ये एका परिषदेत टीलांनी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जाहीर केला, आणि तापत्या तेलात बुडवूनही तो वाजत राहतो, जर्मेनियमचा मात्र गप्प होतो, हे ग्रामोफोन लावून दाखवले. म्हणतात, ऐकणारे टेलिफोनकडे धावले.

शॉकलीनेही बेल सोडली. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू गावी १९५६ साली स्वतःची प्रयोगशाळा काढली. जुने सहकारी यायला तयार होईनात, म्हणून त्याने देशभरातून हुशार तरुण वेचून आणले. निवड अचूक, पण वागवणे भयंकर. एकदा एकीच्या हाताला जखम झाली, तर हा घातपात आहे असे ठरवून खोटे पकडण्याच्या यंत्रापुढे माणसे बसवण्यापर्यंत मजल गेली. १९५७ च्या सप्टेंबरात आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी काढली. त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ साली इंटेल स्थापन केली. शॉकलीने काय कमावले? ज्या खोऱ्याला जग सिलिकॉनचे म्हणते, त्या खोऱ्यात बी त्याने आणले, पीक आठांनी घेतले.

त्या पंचवीस हजारांच्या परवान्याची एक प्रत जपानलाही गेली. तोकियोच्या एका छोट्या कंपनीचे इबुका आणि मोरिता यांनी तो मागितला. जपानी सरकारच्या व्यापार खात्याला या किरकोळ कंपनीला एवढे परकीय चलन देणे पटेना. परवानगी मिळता मिळता १९५४ उजाडले. शिवाय अमेरिकन मंडळींचा सल्ला असा, की याची फार तर श्रवणयंत्रे होतील. यांना मात्र रेडिओ करायचा होता.

त्यासाठी काझुओ इवामा नावाचे तंत्रज्ञ अमेरिकेत गेले. परवाना हाती असला, तरी कारखान्यात वही-पेन्सिल काढून टिपून घेण्याची सर्वत्र मुभा नव्हती. मग हा गृहस्थ दिवसभर यंत्रे नीट पाहून घेई, इंग्रजी बेताचे असतानाही प्रश्न विचारी, आणि रात्री हॉटेलच्या खोलीत बसून आठवणीने आकृत्या काढून तोकियोला पत्रे धाडी. भट्टी एवढी, नळी अशी, इथे बहुधा हे असावे. तिकडे सहकारी त्या पत्रांबरहुकूम यंत्रे जुळवीत बसले, आणि इवामा परतण्याच्या आतच त्यांनी एक ट्रान्झिस्टर चालवून पाहिला. १९५५ साली त्या कंपनीचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. तिने १९५८ साली सोनी हे नाव घेतले. इवामांची ती पत्रे कंपनीने जपून ठेवली आहेत, आणि स्वतः इवामा १९७६ साली तिचे अध्यक्ष झाले.